फाईलमधल्या त्या आकड्याचा इतिहास

तुमच्या मुलाची वाढ वयाच्या मानाने मागे आहे म्हणून जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात तुम्ही गेला असाल, तर फाईलमध्ये मानसशास्त्रज्ञांनी दिलेला एक कागद असेल. त्यावर 'बीकेटी' आणि 'व्हीएसएमएस' असं काहीतरी लिहिलेलं असतं, पुढे आकडा असतो. बरेच पालक तो कागद घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, साठ म्हणजे पास का नापास?" थोडक्यात उत्तर देता येतं. पण हा आकडा आला कुठून हे कळलं, तर त्याच्यावर किती विसंबायचं हेही तुम्हाला ठरवता येईल.

सुरुवात पॅरिसची. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी जास्तीची मदत कोणाला लागेल हे ओळखण्याचं काम फ्रेंच सरकारने आल्फ्रेड बिने यांच्याकडे सोपवलं. त्यांनी सिमों यांच्यासोबत १९०५ मध्ये पहिली चाचणी तयार केली. ऐकलेले अंक परत म्हणणं, चित्रात काय आहे ते सांगणं, शब्दांचे अर्थ, असे वयानुसार अवघड होत जाणारे प्रश्न. आठ वर्षांचं मूल चार वर्षांच्या मुलाइतकंच सोडवू शकलं, तर त्याचं मानसिक वय चार. चारला आठने भागून शंभरने गुणलं की ५०. हा बुद्ध्यांक. भागाकाराची ही युक्ती नंतर एका जर्मन मानसशास्त्रज्ञाची. बिने स्वतः बुद्धी कायमची ठरलेली असते असं मानत नव्हते, शिकवून ती वाढते असं त्यांचं म्हणणं होतं. दुर्दैवाने आकडा जगभर पसरला आणि हे म्हणणं मागे राहिलं.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचं मुख्यालय जळगाव आणि पश्चिमेचं धुळे. त्यानंतर सहा वर्षांनी, १९१२ मध्ये, इंग्रज सरकारने वेड्यांचा कायदा केला. त्यात वेडा कोण याची व्याख्या करताना जन्मतः मंदबुद्धी असलेल्यालाही त्यातच धरलं होतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत मतिमंद मूल आणि मानसिक आजार झालेला माणूस एकच. गंमत म्हणा की शोकांतिका, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मानसिक आजाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर काढेपर्यंत ही सरमिसळ चालली. आजही एखादी आजी नातवाला "याडा शे" म्हणते तेव्हा मला तो कायदा आठवतो. आजीला काय दोष द्यायचा, सरकारच पंचाहत्तर वर्षं तेच म्हणत होतं.

आता त्या 'बीकेटी'कडे येऊ. यातला 'के' म्हणजे कामत. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी धारवाडला बसवली. त्यावरचा लेख १९३४ मध्ये आणि पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झालं. धारवाड आणि खानदेश तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होते. परदेशी चाचणीचं नुसतं भाषांतर न करता आपली मुलं काय करू शकतात हे मोजून पाहणं, हे त्या काळी मोठंच काम होतं.

'व्हीएसएमएस' आली नागपूरहून. एडगर डॉल यांची ही अमेरिकन मापनश्रेणी १९३५ ची. तिचं भारतीय रूप नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रातल्या डॉ. मालिन यांनी केलं. यात ८९ बाबी आहेत आणि त्या बहुतांशी आईला विचारून भरतात: स्वतः जेवतो का, बटण लावतो का, एकटा शेजारी जातो का. आणि अगदी लहान बाळांसाठी बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी १९७० मध्ये निकष तयार केले, ते १९९७ मध्ये सुधारले.

नकाशा डोळ्यासमोर आणा. दक्षिणेला धारवाड, पूर्वेला नागपूर, पश्चिमेला बडोदा, आणि मध्ये आपण. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारं, शिरपूर-चोपड्याच्या पाड्यावर पावरी बोलणारं, चाळीसगावच्या तांड्यावर गोरमाटी बोलणारं मूल खोलीत येतं आणि त्याला प्रमाण मराठीत प्रश्न विचारले जातात. ज्याच्या कानावर रोज "काय करी ऱ्हायना?" पडतं, ते "काय करत आहेस?" ऐकून गप्प बसलं तर त्यात नवल नाही. अशा वेळी आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो.

उलटही होतं. जगभर दिसून आलंय की पिढी दर पिढी मुलं अशा चाचण्यांत जास्त गुण मिळवतात. म्हणून जुन्या निकषांवर तोललं तर आजच्या मुलाचा आकडा फुगतो, आणि १९३४ ला आता नव्वद वर्षं झाली. दोन चुका, दोन्ही विरुद्ध दिशेच्या. एका मुलात कुठली किती आहे, हे फक्त त्याला नीट पाहणाऱ्या माणसाला कळतं.

याचा हिशेब पैशातही होतो. प्रमाणपत्रावर सौम्य पातळीला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के दिव्यांगत्व लिहितात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. त्यामुळे ६९ आणि ७१ या दोन आकड्यांमध्ये बसचा पास, शिष्यवृत्ती, पेन्शन सगळं अडकलेलं असतं. आणि हो, बुद्ध्यांक साठ म्हणजे मूल चाळीस टक्के दिव्यांग, असा हिशेब नसतो.

मदतीचा इतिहास मात्र आपल्यापासून दूर घडला. मानखुर्दचं बालगृह १९४१ चं, मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्यात सिंधुताई जोशींची 'कामायनी' १९६४ ची. खानदेशातल्या आईबापाने गाडीत बसून इतक्या लांब जायचं किंवा घरीच सांभाळायचं. १९९५ च्या कायद्यात मतिमंदत्व होतं पण स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या कायद्याने यादी २१ प्रकारांपर्यंत नेली. मधल्या काळात स्वमग्न मुलाच्या कागदावर 'मतिमंद' लिहिल्याशिवाय काही मिळत नसे, म्हणून अनेकांच्या कागदावर ते तसंच लिहिलं गेलं. तुमच्या घरात पंचवीस-तीस वर्षांचा असा कोणी असेल तर त्याची पुन्हा तपासणी करून घ्या.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासणारं पथक त्यातलंच. शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी रचना आहे. इथे आकड्याची वाट पाहत नाहीत. दीड वर्षाचं मूल हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, एवढ्यावर वाचा-उपचार आणि फिजिओथेरपी सुरू करता येते. "याचा बापही उशिराच बोलला होता" म्हणून थांबलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत.

पुढच्या वेळी चाचणीला जाल तेव्हा आधी कानाची तपासणी झाली आहे का ते बघा. नीट ऐकू न येणारी मुलं मंद ठरल्याची उदाहरणं प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने पाहिली आहेत. घरी कुठली बोली बोलता ते मानसशास्त्रज्ञांना सांगा, मूल झोपेतून उठलेलं किंवा तापातून नुकतं बरं झालेलं असेल तर तारीख बदलून मागा. आईऐवजी जो मुलाला दिवसभर सांभाळतो, मग ती आजी का असेना, तिला सोबत न्या.

जुना कागद फेकू नका. त्यावरची तारीख पेनाने ठळक करून ठेवा, नवा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघायचा असतो.