ऑगस्टेची अपुरी सही

वृद्ध माणूस एकच गोष्ट पुनःपुन्हां विचारूं लागलें, घरच्यांचीं नांवें विसरूं लागलें, कीं 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण उच्चारून आपण मोकळे होतों. म्हणीनें वयाकडे बोट दाखविलें म्हणजे आजाराविषयींचा विचार तेथेंच खुंटतो. परंतु ज्या रुग्णाच्या वृत्तांतापासून या आजाराचा आधुनिक इतिहास सुरू होतो, ती स्त्री साठीच्या जवळपासही आलेली नव्हती. तिची हकीगत वाचकांनीं जाणून घेण्यासारखी आहे.

ता. २५ नोव्हेंबर १९०१ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयांत ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेंत कारकून होता. प्रथम तिला नवऱ्याविषयीं निष्कारण संशय येऊं लागला. पुढें स्मृति झपाट्यानें क्षीण झाली, स्वयंपाकांत चुका होऊं लागल्या, घरांतील वस्तु ती कोठें तरी लपवूं लागली. दुसऱ्या दिवशीं डॉ. आलोइस अल्झायमर यांनीं तिला प्रश्न विचारिले व उत्तरें लिहून घेतलीं. नांव काय? ऑगस्टे. आडनांव? ऑगस्टे. नवऱ्याचें नांव? ऑगस्टे, असें वाटतें. पुढ्यांत फुलकोबी व डुकराचें मांस असतां आपण पालक खात आहों, असें तिनें सांगितलें. स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें, तेव्हां 'श्रीमती' या अर्थाचा शब्द लिहून ती थांबली. उरलेले शब्द तिला पुनःपुन्हां सांगावे लागले. लेखणी पुढें सरेना, आणि आपण स्वतःस हरवून बसलों आहों, असें ती म्हणत राहिली.

या उद्गाराशीं आम्ही क्षणभर थांबतों. हरवलेली वस्तु आपण हरवल्याचें सांगत नाहीं. ज्या अर्थीं ही बाई आपलें हरवणें जाणत होती, त्या अर्थीं तें जाणणारें कोणी तरी तिच्या ठायीं अद्याप जागें होतें. नांव गेलें होतें. दुःख करणारी ऑगस्टे गेली नव्हती.

ता. ८ एप्रिल १९०६ रोजीं ती वारली. अल्झायमर तोंवर म्युनिक येथें गेले होते. तिचा मेंदू तेथें त्यांजकडे धाडण्यांत आला. मेंदू आक्रसला होता. चांदीच्या क्षारांनीं रंगविलेल्या पातळ कापांत त्यांस पेशींच्या आंत तंतूंचे गुंते आणि पेशींच्या बाहेर विचित्र द्रव्याचे साठे दिसले. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें ट्युबिंगन येथील वैद्यांच्या सभेंत त्यांनीं हें निवेदन केलें, तेव्हां त्यावर चर्चाही झाली नाहीं. १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत या रोगास अल्झायमरांचें नांव दिलें. वैद्याचें नांव जगभर झालें. रुग्णाचे कागद मात्र दृष्टीआड झाले. ते फ्रँकफुर्ट येथेंच डिसेंबर १९९५ मध्यें सांपडले, आणि त्यांत तिचें हस्ताक्षरही होतें.

या रोगांत सामान्यतः अलीकडच्या आठवणी आधीं जातात, जुन्या मागाहून. म्हणून रोग बळावल्यावर कांहीं रुग्णांस आरशांतील स्वतःचा चेहरा परका वाटतो. ते त्याच्याशीं बोलतात, क्वचित् 'घरांत कोणी शिरलें आहे' म्हणून भितातही. मनांत तरुणपणची मुद्रा ठसलेली असेल, तर समोरचें पिकल्या केसांचें माणूस आपण कसे असूं? अशा वेळीं 'अहो, तुम्हीच ना त्या!' म्हणून हट्ट धरण्यानें भय मात्र वाढतें. आरशावर कापड टाकावें, हात हातांत घ्यावा, जुन्या दिवसांच्या गोष्टी काढाव्या. एवढें घरच्या मुलासही साधेल.

विज्ञानानें या शंभराहून अधिक वर्षांत त्या गुंत्यांतील व साठ्यांतील द्रव्यें ओळखलीं, परंतु रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं. तो येईल तेव्हां येवो. तोंवर ऑगस्टेच्या कागदावरील तो एकच शब्द आम्हांस विसरतां येत नाहीं. तिनें लिहिलें तें केवळ 'श्रीमती'. पुढचें नांव जवळ बसलेल्या माणसास सांगावें लागलें. आपल्या घरांतही ज्यांस स्वतःचें नांव आठवत नाहीं, त्यांचें नांव आदरानें व न कंटाळतां सांगत राहणें हें आपलें काम आहे.