सर्पगंधा आणि जंतूंचे उत्सर्जक पंप

औषधांचा इतिहास सरळ रेषेत क्वचितच जातो. एका व्याधीसाठी हाती घेतलेली वनस्पती कालांतराने सर्वस्वी निराळ्या प्रश्नावर प्रकाश टाकते. सर्पगंधेचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

उन्माद व निद्रानाश यांवर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्याकडे पूर्वापार होत आला. तिच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाकडे १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी लक्ष वेधले. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे डोळे उघडले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील निबंधाने. पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे त्यांनी त्यात मांडली होती. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे या मुळीतून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले.

याच सुमारास प्रतिजैविकांचे युग भरास आले होते. जंतू औषधास दाद देत नाहीत, याचे एक कारण आधीच ज्ञात होते : काही जंतू औषधाचा नाश करणारे विकर निर्माण करतात. १९८० मध्ये अमेरिकेत मॅक्मरी, लेव्ही प्रभृतींनी दुसरे कारण दाखविले. टेट्रासायक्लिन पेशीत शिरते खरे. पण जंतू ऊर्जा खर्चून ते बाहेर उपसून टाकतो. नाव बुडू नये म्हणून नावाडी पाणी उपसतो, तसाच हा प्रकार होय.

मग हा उपसा रोखता येईल काय? १९९१ मध्ये नेफाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरुपद्रवी जंतूतील अशा पंपावर रिसर्पिनचा प्रयोग केला आणि पंप अडला. पुढे पूजनक स्टॅफिलोकोकस जंतूच्या ‘नॉरए’ पंपासंबंधीही तोच अनुभव आला. मात्र त्यासाठी लागणारी मात्रा मनुष्यास अपायकारक ठरते. २००६ मध्ये जम्मू येथील संशोधकांनी मिऱ्यातील पायपेरिनही ‘नॉरए’ला रोखते, असे दाखविले. तथापि जंतुसंसर्गावर वापरावयाचे असे एकही पंपरोधक द्रव्य अद्यापि मान्यताप्राप्त औषध झालेले नाही.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस नोंदविले. आणि क्षयजंतूच्या प्रतिकारातही अशा पंपांचा वाटा असतो. मानवतसारख्या बाजारपेठेच्या गावी राहणाऱ्या रुग्णास यातून तूर्त एकच बोध घेता येईल : प्रतिजैविक वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि त्याने सांगितलेला क्रम अर्धवट सोडू नये. नवे औषध हाती येईपर्यंत जुन्यांचे सामर्थ्य राखणे, हेच आपल्या हाती आहे.