स्वल्पविरामाचा गुन्हा

'पाऊस थांबला, आम्ही घरी गेलो.' या वाक्यात काही वावगे आहे असे कोणाही मराठी माणसास वाटणार नाही. हेच वाक्य शब्दास शब्द ठेवून 'द रेन स्टॉप्ड, वुई वेंट होम' असे इंग्रजीत लिहावे, की इंग्रजीचे मास्तर तांबडी पेन्सिल उचलतात. शब्द बरोबर, काळ बरोबर, स्पेलिंगही बरोबर. मग चुकले कोठे? चुकला तो मधला स्वल्पविराम. दोन पुरी वाक्ये एकट्या स्वल्पविरामाच्या जिवावर जोडणे हा इंग्रजी लेखनातला गुन्हा समजला जातो आणि त्याला 'कॉमा स्प्लाइस' असे नावही आहे. स्प्लाइस म्हणजे दोन दोरांचे पीळ एकमेकांत गुंफून केलेला सांधा. तेवढाही सांधा न करता दोन वाक्ये एकापुढे एक ठेवली, तर ते 'रन-ऑन', म्हणजे थांबायचे तेथे न थांबता पुढे धावत सुटलेले वाक्य. लांबलचक वाक्य म्हणजे रन-ऑन अशी पुष्कळांची समजूत असते, ती मात्र खरी नव्हे. पानभर पसरलेले इंग्रजी वाक्य निर्दोष असू शकते आणि चार शब्दांचे वाक्य दोषी ठरू शकते. प्रश्न लांबीचा नाही, सांध्याचा आहे.

हा गुन्हा गुन्हा कसा झाला याची कथा मोठी मौजेची आहे. कारण इंग्रजांच्याच बापजाद्यांनी तो पिढ्यान् पिढ्या बिनदिक्कत केला होता.

विरामचिन्हांचा जन्म व्याकरणातून झाला नाही, तो श्वासातून झाला. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयात अॅरिस्टोफेनिस नावाचा ग्रंथपाल होता. (प्रहसने लिहिणारा अॅरिस्टोफेनिस निराळा, तो अथेन्सचा आणि पुष्कळ आधीचा.) त्या काळी ग्रीक मजकूर शब्दांत जागा न सोडता सलग लिहीत आणि तो मोठ्याने वाचीत. कोठे किती थांबावे हे वाचणाऱ्यास कळावे म्हणून या ग्रंथपालाने ओळीच्या वर, मध्ये आणि खाली असे तीन प्रकारचे ठिपके सुचविले. कॉमा, कोलन आणि पीरियड ही नावे मुळात चिन्हांची नव्हेतच. ती भाषणाच्या लहानमोठ्या तुकड्यांची नावे. तुकड्याचे नाव पुढे त्याच्या शेवटच्या ठिपक्याला चिकटले. रोमन लोकांनी मात्र हे ठिपके फारसे मनावर घेतले नाहीत आणि ते पुन्हा सलगच लिहू लागले.

शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल पाडली ती सातव्या-आठव्या शतकातील आयर्लंडच्या मठवासी लेखनिकांनी. लॅटिन ही त्यांची घरची भाषा नव्हती. घरच्या भाषेत कोठे काय संपते हे कानाला आपोआप उमगते. परक्या भाषेत ते डोळ्यांना दाखवावे लागते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे पुण्यात हेच नाटक पुन्हा घडणार आहे.

मग छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला आपला छापखाना थाटला, तेव्हा त्याच्या खिळ्यांत आजचा स्वल्पविराम नव्हता. त्याच्या जागी तो एक तिरपी रेघ मारीत असे. तिकडे व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या मुद्रकाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस अर्धविराम प्रचारात आणला. एका पुस्तकाच्या शेकडो प्रती निघू लागल्या, लोक मनातल्या मनात वाचू लागले, आणि जे चिन्ह तोंडासाठी होते ते हळूहळू डोळ्यांसाठी झाले. तरी जुनी कल्पना लवकर सुटली नाही. नाटककार बेन जॉन्सन याचे इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. त्यातही विरामचिन्हांचा विचार श्वासाच्या अंगाने केलेला आहे. डॅनियल डीफोचे 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ सालचे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते बालपणी संक्षिप्त रूपात वाचले असेल. मूळ पुस्तक काढून पाहावे, पहिलेच वाक्य घाट चढून उतरते आणि मधल्या थांब्यांवर अर्धविराम नि स्वल्पविराम सारख्याच मोकळ्या हाताने पेरलेले दिसतात. आजच्या परीक्षकाच्या हाती ती वही पडती तर क्रूसोला बेट सोडून शाळेत परत जावे लागले असते!

अठराव्या शतकात इंग्रजीला शिस्त लावण्याची हौस सुरू झाली. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली एक छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी विरामांचे चक्क संगीतातल्या मात्रांसारखे प्रमाण बसविले : स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम, त्याच्या दुप्पट पूर्णविराम. पण याच गृहस्थांनी असेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले की, या विषयात नेमके नियम थोडे आणि पुष्कळसा भार लेखकाच्या विवेकावरच. त्यांचे गणित लोकांना आवडले, कबुलीजबाब मात्र विसरला गेला. पुढे लिंडली मरे नावाचा अमेरिकन वकील इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि १७९५ साली त्याने तेथील एका मुलींच्या शाळेसाठी इंग्रजी व्याकरण लिहिले. ते दोन्ही देशांत अफाट खपले. वाक्य म्हणजे काय, ते कोठे सुरू होते नि कोठे संपते, हे आता श्वासाने नव्हे तर कर्ता आणि क्रियापद यांच्या हिशोबाने ठरू लागले. स्वल्पविरामाचा गुन्हा नोंदला जाण्याची तयारी येथे झाली.

या शिस्तीला वाकुल्या दाखविणारा एक वल्लीही लगेच निघाला. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्टचा श्रीमंत व्यापारी टिमथी डेक्स्टर याने १८०२ साली एक पुस्तक छापले. त्यात विरामचिन्ह औषधालाही नव्हते. लोकांनी ओरड केली तेव्हा पुढच्या आवृत्तीच्या शेवटी त्याने पूर्णविराम, स्वल्पविराम, उद्गारचिन्हे यांच्या ओळीच्या ओळी छापून दिल्या आणि ज्याने त्याने आपल्या चवीप्रमाणे त्यांचे मीठमिरे घालून घ्यावे असे सुचविले.

हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट १९१६ सालची. सर रॉजर केसमेंट या आयरिश पुढाऱ्यावर लंडनमध्ये राजद्रोहाचा खटला चालला. महायुद्ध चालू असताना जर्मनीत जाऊन तेथील आयरिश युद्धकैद्यांना ब्रिटनविरुद्ध फितविल्याचा त्याच्यावर आरोप होता. खटला भरला होता १३५१ च्या कायद्याखाली. कायदा जुन्या फ्रेंच भाषेत, आणि विरामचिन्हे जवळजवळ नाहीतच. राजाच्या राज्यात राहून त्याच्या शत्रूंना मिळणे, त्यांना राज्यात 'अथवा अन्यत्र' साहाय्य देणे, असा त्याचा मतलब. आता हे 'अन्यत्र' कशाला जोडायचे? फक्त साहाय्याला, की साऱ्या गुन्ह्याला? राज्याबाहेर केलेले कृत्य या कायद्यात येतच नाही, असे केसमेंटचे वकील सुलिव्हन यांचे म्हणणे. दोन न्यायाधीश स्वतः सरकारी दप्तरखान्यात गेले आणि साडेपाचशे वर्षांपूर्वीचे ते चर्मपत्र निरखून आले. निकाल केसमेंटच्या विरुद्ध लागला. तो केवळ एका रेघेवर लागला असे म्हणणे न्यायाधीशांवर अन्यायाचे होईल. जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा आधारही त्यांनी घेतला होता. पण ३ ऑगस्ट १९१६ रोजी केसमेंट फाशी गेला, तो स्वल्पविरामापायी गेला असेच लोक म्हणत राहिले आणि स्वतः केसमेंटचीही तीच तक्रार होती.

वाक्यांच्या सांध्यांबद्दल शाळाकॉलेजांतली कडक नाकेबंदी सुरू झाली ती साधारण याच सुमारास, आणि ती मुख्यतः अमेरिकेत. तेथील विद्यापीठांतून इंग्रजी निबंध सक्तीचा झाला, वह्यांचे ढीग तपासायचे तर चुकांना नावे हवीत, आणि 'कॉमा स्प्लाइस' हे नाव त्या गरजेतून रूढ झाले. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक चोपडे छापले. स्वतंत्र वाक्ये स्वल्पविरामाने जोडू नयेत, हा त्यातला एक ठळक नियम. मात्र अगदी आटोपशीर आणि एका घाटाची वाक्ये असतील तर त्यांनी सूट दिली आहे. सीझरने विजयाची वार्ता तीन शब्दांत सांगितली, तिच्या इंग्रजी रूपात स्वल्पविराम चालतात ते याच सवलतीने. पुढे त्यांचेच शिष्य ई. बी. व्हाइट यांनी १९५९ साली ते चोपडे नव्याने सजवून काढले आणि ते घराघरांत गेले. मधल्या काळात, १९२२ साली, जेम्स जॉइसने 'युलिसिस'चा शेवट आठ अवाढव्य, जवळजवळ चिन्हहीन वाक्यांनी केला. पण जॉइसला पेपर सोडवायचा नव्हता.

आता पुण्याकडे वळू. पेशवाईतले मोडी पत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत सुटायचे. शब्द तोडलेले नाहीत, विराम नाही. तरी कारभार चालला, मोहिमा झाल्या, जमाखर्च लागले. हे साधले कसे? एक तर चिन्हांचे काम शब्दच करीत. 'विनंती उपरि' आले की मायना संपला. 'विशेष' आले की मजकूर लागला. 'ऐसियासी' म्हटले की मुद्दा पालटला. 'बहुत काय लिहिणे' आले की पत्र आटोपले. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण मराठीच्या ठेवणीत आहे. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. 'उठून, नदीवर जाऊन, स्नान करून, परत येऊन' असे कितीही लांबविले तरी कानाला कळते की वाक्य अजून उघडे आहे; 'जेवला' आले की दार बंद झाले. आमचे क्रियापद हाच आमचा पूर्णविराम. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन बसते, त्याच्यामागून कर्म येते, स्थळ येते, काळ येतो; त्यामुळे एक वाक्य संपून दुसऱ्याचा कर्ता कोठे उभा राहिला हे चिन्हावाचून चटकन कळत नाही.

मराठीला विरामचिन्हांची शिस्त घालून दिली ती इंग्रजाने. मेजर थॉमस कँडी, मोल्सवर्थच्या कोशात हात असलेले, पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख केलेले, सरकारचे मराठी भाषांतरकार. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० सालचे. आयरिश साधूंना लॅटिन जशी शिकावी लागली तशी या साहेबाला मराठी शिकावी लागली होती. तिचे सांधे डोळ्यांना दिसावेत अशी गरज वाटली तर नवल नाही. त्यांच्या क्रमिक पुस्तकांच्या भाषेला आपल्या लोकांनी पुढे पुष्कळ नावे ठेवली. ती ठेवणारांचे लेखही पूर्णविरामाने संपत होते, हा त्यातला विनोद.

चिन्हे आली, पण भाषेची ठेवण बदलली नाही. म्हणूनच आपला मुलगा 'पाऊस थांबला, आम्ही घरी गेलो' हे इंग्रजीत तसेच नेतो. त्याला व्याकरण येत नाही असे नव्हे. तो मराठी कानाने इंग्रजी लिहितो. त्याला 'श्वास लागेल तेथे स्वल्पविराम दे' असे सांगणे म्हणजे बेन जॉन्सनच्या काळात पाठविणे होय. त्यापेक्षा स्वल्पविरामावर बोट ठेवून दोन्ही बाजूंना वेगवेगळा प्रश्न विचारायला लावावे. पाऊस थांबला का? आम्ही घरी गेलो का? दोन्हीकडे आपला आपला कर्ता नि क्रियापद सापडले आणि प्रश्न पुरा झाला, तर मधला सांधा कच्चा आहे असे समजावे. मग पूर्णविराम देऊन दोन वाक्ये करावीत. दोहोंचे नाते जवळचे असेल तर अर्धविराम द्यावा. स्वल्पविराम ठेवायचाच असेल तर त्याच्या सोबतीला 'अँड', 'बट' किंवा 'सो' द्यावा. अथवा आरंभी 'व्हेन' घालून पहिल्याला दुसऱ्याचा आश्रित करावे. मला हा शेवटचा उपाय अधिक आवडतो. 'पाऊस थांबल्यावर आम्ही घरी गेलो' हे तर आपल्याच घरचे वळण आहे.

एका शब्दाने मात्र चांगले चांगले पदवीधर फसतात. तो म्हणजे 'हाऊएव्हर'. त्याचा अर्थ 'तथापि' असा पाठ केलेला असतो; मराठीत तथापि हे उभयान्वयी अव्यय, दोन वाक्ये जोडणारे; तेव्हा हाऊएव्हरच्या आधी स्वल्पविराम पुरे असे वाटते. इंग्रजीत 'बट'ला तो अधिकार आहे, हाऊएव्हरला नाही. 'देअरफोर' आणि 'देन' यांचीही तीच गत. यांच्या आधी पूर्णविराम नाहीतर अर्धविरामच हवा, मग हाऊएव्हर आणि देअरफोर यांच्या नंतर खुशाल स्वल्पविराम द्यावा.