जिभेच्या मुळाशी : मुखदुर्गंधीचा एक इतिहास

नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवरून सकाळी कामावर जाताना बांधकाम मजुरांच्या वस्त्या लागतात. नळापाशी उकिडवी बसलेली माणसे बोटाने दात घासत असतात आणि त्या बोटावर काळपट लगदा असतो. तो गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाची मळी एकत्र मळून केलेली पेस्ट. कशासाठी लावता, असे विचारले तर उत्तर ठरलेले : तोंड साफ होते, वास जातो. विदर्भातली माझी आजी तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून तिची मिसरी करीत असे. तिचेही उत्तर हेच होते.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. छत्तीसगडात हे प्रमाण 39.1 टक्के होते आणि त्यात धूरविरहित तंबाखूचा वाटा फार मोठा. जी वनस्पती तोंडाची दुर्गंधी वाढवते, तीच दुर्गंधीवरचे औषध कशी ठरली? या प्रश्नाने मला माझ्या भौतिकशास्त्राच्या कुंपणाबाहेर नेले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतधावनानंतर लगेच जिभेचा विचार येतो. जिभेच्या मुळाशी साचलेला मळ दुर्गंधी निर्माण करतो, म्हणून जीभ खरवडावी, असे तेथे सांगितले आहे. त्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची जिभली वापरावी. पुढे मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या पदार्थांची यादी येते : जायफळ, लताकस्तुरी, सुपारी, लवंग, कंकोळ, विड्याचे पान, कापूर, वेलदोडा. ही दोन वेगळ्या जातींची कामे आहेत. पहिले कारण काढून टाकते, दुसरे वास झाकते. व्यवहारात आपण दुसरे उचलले आणि पहिले बहुतांशी विसरलो, असे माझे मत आहे.

त्या यादीत तंबाखू असणे शक्यच नव्हते. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मार्गाने दख्खनेत आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा दूत असद बेग याला ती विजापुरात दिसली आणि नवलाची वस्तू म्हणून त्याने ती बादशहाच्या दरबारी नेली. पुढे ती विड्यात शिरली, दंतमंजनात शिरली आणि जुन्या सुगंधी पदार्थांच्या पंक्तीला जाऊन बसली. तिच्यात एक गुण मात्र त्या पदार्थांहून निराळा होता, त्याकडे शेवटी येतो.

पश्चिमेत वेगळेच घडले. 1879 मध्ये अमेरिकेत जखमा धुण्यासाठी तयार झालेले, जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून लिस्टरीन म्हटले गेलेले द्रव्य 1920 च्या दशकात जाहिरातदारांनी मुखदुर्गंधीवर विकायला घेतले. ‘हॅलिटोसिस’ हा वैद्यकाच्या कोपऱ्यातला शब्द त्यांनी घरोघरी पोहोचवला. लग्न न जमणाऱ्या मुलींच्या कथा रचून त्यांनी लाज विकली. हेही झाकणेच, फक्त बाटलीतले.

मोजमापाला खरी धार आली ती कॅनडात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ टोन्झेटिच यांनी 1960 च्या दशकापासून तोंडातील हवेचा पाठपुरावा केला. अडचण विलक्षण होती. दुर्गंधी देणारे वायू अब्जांशांत मोजावे लागतील इतके विरळ. नाकाला ते कळतात, पण साध्या उपकरणाला नाही. 1966 च्या सुमारास ज्योतीवर आधारलेला एक नवा शोधक उपलब्ध झाला होता. हायड्रोजनने समृद्ध ज्योतीत गंधकाची संयुगे गेली की गंधकाचे जोडरेणू उत्तेजित होतात आणि 394 नॅनोमीटरच्या आसपास निळसर प्रकाश देतात. वायू-वर्णलेखन यंत्राच्या टोकाला हा शोधक जोडून टोन्झेटिच यांनी 1971 मध्ये तोंडातील हवेतील गंधक-संयुगांचे थेट पृथक्करण प्रसिद्ध केले. प्रमुख आरोपी ठरले हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन. (माझ्यासारख्याला यातली निळी ज्योत अधिक मोहवते, हे कबूल करतो.)

हे वायू येतात कुठून? ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू लाळेतील, अन्नकणांतील आणि गळून पडलेल्या पेशींतील प्रथिने फोडतात. त्यांतल्या सिस्टीनपासून पहिला वायू तयार होतो, मेथिओनिनपासून दुसरा. रात्री लाळ आटते, म्हणून सकाळचा वास अधिक. या जिवाणूंची मुख्य घरे दोन : हिरड्या आणि दात यांमधल्या फटी, आणि जिभेचा मागचा खडबडीत भाग. सुमारे 80 ते 90 टक्के रुग्णांत दुर्गंधीचा उगम तोंडातच असतो, पोटात नव्हे. चरकांना जिवाणू ठाऊक नव्हते. जागा मात्र त्यांनी अचूक दाखवली होती.

आता तंबाखूचा तो निराळा गुण. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे आजारी हिरडीतून रक्त येणे कमी होते आणि रोग आत वाढत असताना वरून सारे ठीक दिसते. लवंग केवळ वास झाकते; गुडाखू रोगाची खूणही झाकतो. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

केंद्र सरकारने 1992 मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी घातली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गुडाखू मात्र तंबाखूजन्य पदार्थ म्हणून, इशाऱ्याचे चित्र लावून, विकला जातोच. चित्र डबीवर असते, आणि बोट रोज सकाळी डबीत जाते.

नळापाशी बसणाऱ्यांपैकी एका काकांशी आता ओळख झाली आहे. तांब्याची जिभली दिली तेव्हा ते हसले : "अशी आमच्या आजोबांकडे होती." जिभली ते वापरतात, गुडाखू सुटलेला नाही. खालच्या हिरडीजवळ एक पांढरा चट्टा आहे, तीन आठवडे झाले तरी गेलेला नाही. रायपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात सोमवारी जायचे ठरले आहे. त्या दिवसाची मजुरी बुडेल, म्हणून मुकादमाशी बोलणे बाकी आहे.