बेपत्ता नौका आणि किनाऱ्यावरचे लोक : वीजळी, रामदास, टायटन

१. धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही पाण्याच्या कुशीत बसून पाणी पाहण्याची हौस आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच पुरवली गेली. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्या भिंतीतच महाल काढण्यात आला, तो पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीतले, १६१३ च्या सुमाराचे हे काम. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात उभ्या असलेल्या माणसासमोर त्याचा पडदा तयार होतो.

२. त्या दालनातला आनंद दोन गोष्टींवर उभा आहे. एक, सुमारे ९० फूट उंचीची दगडी भिंत. दुसरी, जास्तीचे पाणी कोठून जाणार हे आधीच ठरवणारे सांडवे. आत बसणाऱ्याला यातले गणित ठाऊक असण्याची गरज नव्हती; बांधणाऱ्याला ते ठाऊक होते. पाण्यावरच्या आणि पाण्याखालच्या प्रत्येक प्रवासाचा पाया हाच असतो. प्रवासी स्वतः धोका मोजत नाही. कोणीतरी तो मोजला आहे, या विश्वासावर तो पाऊल टाकतो.

३. हा विश्वास तुटतो तेव्हा किनाऱ्यावरचा समाज काय करतो? या धाग्यात तीन बेपत्ता नौकांच्या आधारे हे पाहू : १८८८ ची ‘वीजळी’, १९४७ ची ‘रामदास’ आणि २०२३ ची ‘टायटन’. पहिल्या दोन आपल्या किनाऱ्याच्या, तिसरी अटलांटिक महासागरातली. सुरुवात सर्वांच्या आठवणीत ताज्या असलेल्या घटनेपासून करू.

४. १८ जून २०२३, रविवार. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यापासून दूर ‘टायटन’ ही लहान पाणबुडी ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यासाठी पाण्यात उतरली. आत पाच माणसे होती : ओशनगेट कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश, फ्रेंच सागरतज्ज्ञ पॉल-आंरी नार्जोले, ब्रिटिश उद्योजक हेमिश हार्डिंग, पाकिस्तानी वंशाचे उद्योजक शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान. एका जागेचे मूल्य अडीच लाख डॉलर. उतरल्यानंतर सुमारे पावणेदोन तासांनी संपर्क तुटला.

५. पुढचे चार दिवस जगाने जे केले, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहण्यासारखे आहे. वाहिन्यांच्या पडद्यावर ९६ तासांच्या प्राणवायूची उलटी मोजणी सुरू झाली. समुद्रातून ठोकल्यासारखे आवाज आल्याची बातमी आली आणि आशा वाढली. त्याच वेळी दुसरीकडे थट्टेला ऊत आला. व्हिडिओ गेमच्या नियंत्रकाने चालणारी पाणबुडी, कोट्यवधींचे तिकीट आणि श्रीमंतांची हौस, यांवर विनोदांचा पूर लोटला.

६. २२ जून रोजी ‘टायटॅनिक’च्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरवर तुकडे सापडले. पाणबुडी पाण्याच्या दाबाने क्षणार्धात चिरडली गेली होती. अमेरिकी नौदलाच्या ध्वनियंत्रणेने पहिल्याच दिवशी तसा आवाज टिपला होता, हेही मग जाहीर झाले. म्हणजे प्राणवायूचे तास मोजले जात होते, तेव्हा बहुधा मोजण्यासारखे काही उरलेच नव्हते.

७. याच आठवड्याची दुसरी बाजू. १४ जून रोजी ग्रीसच्या पायलोस बंदराजवळ ‘आद्रियाना’ ही मासेमारी नौका बुडाली. तिच्यावर स्थलांतरितांची संख्या ७५० पर्यंत असावी, असा अंदाज होता, वाचले १०४. बुडालेल्यांत पाकिस्तानी तरुण मोठ्या संख्येने होते. एकाच आठवड्यात, एकाच देशाशी नाते असलेले दोन प्रकारचे प्रवासी पाण्यात गेले. पाचांच्या नावांसह तपशील जगाला पाठ झाले आणि शेकडोंची नावे कोणी विचारली नाहीत. ही विषमता तेव्हाही अनेकांनी बोलून दाखवली होती.

८. आता १३५ वर्षे मागे जाऊ. नोव्हेंबर १८८८. ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळाने तिला गाठले आणि सातशेहून अधिक माणसांसह ती नाहीशी झाली. प्रवाशांत लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते.

९. शोधासाठी जहाजे पाठवण्यात आली. अवशेष मिळाले नाहीत. मुंबई इलाख्यात सागरी चौकशी झाली आणि बोटीवरची जीवरक्षक साधने अपुरी असल्याची बाब पुढे आली. लोकांनी मात्र या दुर्घटनेची स्मृती गीतांतून जपली. गुजरातीत ‘वीजळी’वरची विलापगीते रचली गेली, छापली गेली, घरोघरी गायली गेली. त्यांत हाजी कासम हे एक नाव कायमचे कोरले गेले. चौकशीचा निष्कर्ष किती जणांच्या लक्षात राहिला? जवळजवळ कोणाच्याच नाही.

१०. येथे एक सूत्र हाती लागते. समाजाला दुःखासाठी एक चेहरा लागतो, दोषासाठीही एक चेहरा लागतो. गीताला नाव पेलते. जीवरक्षक नौकांची अपुरी संख्या गीतात बसत नाही. पण माणसे बुडाली तेव्हा उपयोग झाला असता तो त्या संख्येचा.

११. आता मुंबई, १७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या, आपल्या बोलीत गटारी. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. सणासाठी गावी जाणारे चाकरमानी, व्यापारी, कोळी, बायकामुले अशी गर्दी. अर्ध्या तासाने, काशाच्या खडकाजवळ, एका मोठ्या लाटेने बोट कलली. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, तोल आणखी गेला आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

१२. या घटनेतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आकड्याची नाही, वेळेची आहे. ‘रामदास’वर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. बोट बुडाली तेव्हा मुंबई आपल्या कामात होती. धक्क्यावर कोणी वाट पाहत नव्हते, कोणी प्राणवायूचे तास मोजत नव्हते. मासे घेऊन निघालेल्या होड्यांनी काही जणांना वर ओढले. काही पोहत तगले. शहराला बातमी कळायला दुपार उलटावी लागली.

१३. म्हणजे ‘रामदास’ ही बेपत्ता झाल्याचेच कोणाला ठाऊक नसलेली नौका. ‘टायटन’च्या बाबतीतही संपर्क तुटल्यावर तटरक्षक दलाला कळवण्यात कित्येक तास गेले. पण १९४७ मध्ये यंत्रणाच नव्हती. २०२३ मध्ये यंत्रणा होती, तरी उशीर झाला. नवे साधन आले की जुना हलगर्जीपणा आपोआप संपतो, ही समजूत या दोन तारखा शेजारी ठेवल्या की टिकत नाही.

१४. ‘रामदास’नंतर २९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. देशाचे डोळे फाळणीच्या बातम्यांकडे लागले होते. त्या गदारोळात कोकणातल्या शेकडो घरांचे दुःख बाजूला पडले. मुंबई-रेवस परिसरात आजही रामदास बोटीची आठवण काढली जाते, पण शालेय इतिहासाच्या पुस्तकांत ती सहसा भेटत नाही. कोणते मरण इतिहासात जाते हे बुडालेल्यांची संख्या ठरवत नाही, त्या दिवशी इतर कोणत्या बातम्या होत्या हे ठरवते.

१५. पुन्हा ‘टायटन’कडे वळू, कारण तेथे कागद शिल्लक आहेत. ‘टायटॅनिक’ सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहे. तेथे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ चारशे किलो भार येतो. अशा दाबासाठी गोल आकार सर्वांत भरवशाचा, कारण तो भार सर्व बाजूंनी सारखा वाटून घेतो. ‘टायटन’चा मुख्य भाग मात्र कार्बन तंतूंच्या थरांनी बनवलेला नळकांड्याच्या आकाराचा होता. हे तंतू ओढ उत्तम सहन करतात. बाहेरून चेपले जाताना, तेही वारंवार, ते कसे वागतील याचा भरवसा कमी असतो.

१६. ही शंका नंतर सुचलेली नाही. २०१८ मध्ये कंपनीचेच सागरी मोहिमांचे संचालक डेव्हिड लॉकरिज यांनी सुरक्षेविषयी लेखी आक्षेप घेतले. त्यांना नोकरी गमवावी लागली. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी इशाऱ्याचे पत्र तयार केले आणि त्याचा आशय रश यांच्यापर्यंत पोहोचला. तरीही पाणबुडीचे स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणीकरण झाले नाही. नियम नव्या कल्पनांना खीळ घालतात, अशी कंपनीची भूमिका होती.

१७. २०२२ च्या एका फेरीत वर येताना मोठा आवाज ऐकू आला आणि त्यानंतर सांगाड्यावरच्या मोजमापांत बदल दिसला. त्याचा नीट तपास न करता पुढच्या वर्षी पुन्हा प्रवासी नेण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाचा चौकशी अहवाल आला. ही दुर्घटना टाळता येण्यासारखी होती, असे त्याने स्पष्ट म्हटले.

१८. थट्टा करणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता : या लोकांनी मृत्यूचा उल्लेख असलेल्या कागदावर सह्या केल्या होत्या, धोका त्यांनीच पत्करला. सही खरी आहे. पाणबुडीला कोणत्याही संस्थेची मान्यता नाही, हेही त्या कागदावर लिहिलेले असे. पण ‘मृत्यू’ हा शब्द वाचणे आणि सांगाड्यातून आलेल्या आवाजाचा अर्थ समजणे, यांत फार अंतर आहे. पहिले ज्ञान प्रवाशाला दिले जाते, दुसरे कार्यालयात राहते.

१९. म्हणून हसणे आणि रडणे या दोन्ही प्रतिक्रिया एकाच ठिकाणी चुकतात. हसणारा म्हणतो, प्रवासी मूर्ख होते. विलाप करणारा म्हणतो, दैव किंवा कप्तान वैरी झाला. दोघांच्याही नजरेतून एक प्रश्न निसटतो : धोक्याची माहिती कोणाजवळ होती आणि ती प्रवाशापर्यंत का पोहोचली नाही? ‘वीजळी’च्या विद्यार्थ्याने जीवरक्षक नौका मोजल्या नव्हत्या. ‘रामदास’च्या चाकरमान्याने संदेशयंत्राची चौकशी केली नव्हती. ते मोजणे आणि विचारणे त्यांचे काम नव्हते.

२०. हा प्रश्न जुना झालेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान नौका आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. धडकेची चित्रफीत तासाभरात सर्वत्र पसरली. बोटीवर परवान्यापेक्षा अधिक प्रवासी होते, अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. दुसऱ्याच दिवसापासून जॅकेटांची सक्ती दिसू लागली. सक्ती आली, पण आदल्या दिवशीच्या प्रवाशांना तिचा उपयोग नव्हता.

२१. पाण्याखालचे पर्यटनही आता आपल्या दारात आहे. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका तळाशी ठेवून संग्रहालय उभारण्याचा आणि पर्यटकांना पाणबुडीतून ते दाखवण्याचा प्रकल्प आखला गेला आहे. ही खोली ‘टायटॅनिक’च्या तुलनेत किरकोळ. पण मार्च २०२५ मध्ये इजिप्तमधील हुरघाडा येथे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात फिरणारी ‘सिंदबाद’ ही पर्यटक पाणबुडी बुडाली आणि सहा रशियन पर्यटक मरण पावले. उथळ पाण्याला निर्धोक समजण्याचे कारण नाही.

२२. याचा अर्थ पाण्यात उतरूच नये, असा नाही. भारताची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेण्यासाठी घडवली जात आहे. तिच्यातला माणसांचा कक्ष टायटॅनियम मिश्रधातूचा गोल आहे, भिंतीची जाडी ८० मिलिमीटर. ‘टायटन’नंतर आपल्या पत्रकारांनी तिच्या सुरक्षेविषयी प्रश्न विचारले आणि बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणीकरण करून घेण्याचे उत्तर मिळाले. सार्वजनिक प्रतिक्रियेचा हा उपयोगी प्रकार : अपघाताआधी विचारलेला प्रश्न.

२३. तेव्हा मित्रांनो, उद्या निवतीला, घारापुरीला किंवा आणखी कोठे तिकीट काढाल, तेव्हा खिडकीवर तीन गोष्टी विचारा : बोटीला किती प्रवाशांचा परवाना आहे, जॅकेटे किती आहेत आणि शेवटची तपासणी कोणी, केव्हा केली? रांगेतले लोक कदाचित हसतील. ‘रामदास’च्या खिडकीवर त्या सकाळी हे प्रश्न विचारण्याची कोणाला सवय नव्हती. ती सवय लावून घेणे एवढेच आपण त्या सहाशे माणसांसाठी आता करू शकतो.

(धागा समाप्त)