पंचरंगी सामने बंद झाले, मग जिमखान्यांचं काय झालं?

क्रिकेट आणि मुसलमान हा विषय निघाला की बोलणं लगेच पाकिस्तानवर जातं, नाहीतर पतौडी, अझरुद्दीन, झहीर खान अशी नावं मोजली जातात. मुंबईत १९१२ ते १९४६ या काळात एका संघाचं नावच ‘मुस्लिम’ होतं, आणि तो पारशी, हिंदू आणि युरोपियन संघांशी खेळायचा, हे आपल्या घरांतल्या तरुण पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तो संघ गेला, स्पर्धाही गेली. ती जायला हवी होती असंच माझं मत आहे. पण स्पर्धेची घडी मोडून नवी बसवताना कोणाच्या हातातून काय निसटलं, याचा हिशेब आपण मांडलेला नाही.

सुरुवात पारशांनी केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांचे युरोपियनांशी सामने होऊ लागले. १९०७ साली हिंदू आले, सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि चौरंगी झाले. १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ नावाचा पाचवा संघ आला. त्यात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे बाकीचे सगळे. तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी ‘पंचरंगी सामने’ हे नाव बसलं. या सगळ्याला आधार होता जिमखान्यांचा. मरीन ड्राइव्हवर पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखाने आजही जवळजवळ उभे आहेत. सरकारनं समुद्राकाठच्या जागा दिल्या त्या जमातवार दिल्या, आणि संघही जमातवारच उभे राहिले. आज आपण ज्याला फोडा आणि झोडा म्हणतो, ते तेव्हाच्या पुढाऱ्यांना आपल्या कौमची प्रतिष्ठा वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

‘मुस्लिम’ संघ मुंबईच्या मुसलमानांचा होता असं समजण्याचं मात्र कारण नाही. वझीर अली आणि नझीर अली हे भाऊ जालंधरचे, मुश्ताक अली इंदूरचे, अमीर इलाही आणि अब्दुल हफीज कारदार लाहोरचे. डोंगरी-भेंडीबाजारातला माणूस तिकीट काढून बसायचा, बॉबी तल्यारखान यांचं समालोचन रेडिओवर ऐकायचा, जिंकल्यावर मिठाई वाटायचा, पण मैदानात उतरणारे बहुतेक जण दूरचे असायचे. संघ त्याचा होता तो नावापुरता आणि जिवापुरता. हिंदू संघातही एक वेगळी गोष्ट चालू होती. पळवणकर बाळू यांच्यासारखा गोलंदाज दलित म्हणून कर्णधारपदापर्यंत पोचलाच नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही बऱ्याच वादानंतर. एका नावाखाली सगळे हिंदू सारखेच, हे तेव्हाही खरं नव्हतं.

विरोध वाढत गेला. १९३० ते १९३३ या काळात सविनय कायदेभंगामुळे सामने झालेच नाहीत. १९३७ मध्ये नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या जागांच्या वाटपावरून हिंदू संघानं माघार घेतली. तो वाद धर्माचा नव्हता, तिकिटांचा होता. जिमखान्यांचं उत्पन्न या सामन्यांच्या गल्ल्यावर किती अवलंबून होतं, ते यावरून कळतं. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची माणसं वर्ध्याला गांधीजींकडे गेली. धर्माच्या नावानं संघ असू नयेत असं गांधीजींनी स्पष्ट सांगितलं आणि त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. मुसलमानांमध्येही हा विचार होता. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी या सामन्यांना विरोध केला. सगळे मुसलमान पंचरंगीच्या बाजूचे आणि सगळे हिंदू विरोधात, असं चित्र आता कोणी रंगवलं तर ते चूक आहे. मुंबईच्या हिंदू प्रेक्षकांनी तर १९४५ पर्यंत ब्रेबॉर्न भरून टाकलं होतं.

आणि खेळ? १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय हजारे यांनी द रेस्टकडून संघाच्या ३८७ पैकी एकट्यानं ३०९ धावा केल्या. पुढच्या वर्षीचा अंतिम सामना हिंदू विरुद्ध मुस्लिम. के. सी. इब्राहिम हा मुंबईचाच तरुण सलामीला आला आणि शेवटपर्यंत नाबाद राहिला, १३७ धावा. मुस्लिम संघ एका विकेटनं जिंकला. कर्णधार होते मुश्ताक अली. त्याच हंगामात हेच मुश्ताक अली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात सी. के. नायडू यांच्या हाताखाली होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळले आणि त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर काही महिन्यांच्या अंतरानं दोन ओळखी होत्या, एक मजहबची, दुसरी संस्थानाची. त्याला स्वतःला यात काही अडचण वाटत होती असं दिसत नाही.

१९४६ उजाडलं तेव्हा हवा बिघडली होती. ऑगस्टमध्ये कलकत्ता पेटलं, पाठोपाठ मुंबईत सुरे चालले. अशा शहरात ‘हिंदू विरुद्ध मुस्लिम’ अशी पाटी लावून हजारो माणसं एका जागी जमवणं वेडेपणा ठरला असता. स्पर्धा बंद झाली. १९३४ पासून चालू असलेली रणजी स्पर्धा आता मुख्य झाली, आणि तिच्यात संघ प्रांतांचे होते.

खेळाडूंचं फार बिघडलं नाही. इब्राहिम यांनी १९४७-४८ च्या हंगामात एकदाही बाद न होता ७०९ धावा जमवल्या. पुढच्या वर्षी वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत पदार्पण केलं आणि पहिल्याच डावात ८५ केल्या. मजहबी संघ नसला तर मुसलमान पोराला कोण विचारणार, ही भीती त्यांच्या बॅटनं खोटी ठरवली. नंतर ते कराचीला गेले, तिथंच २००७ मध्ये वारले. मुश्ताक अली इंदूरलाच राहिले. आजची देशांतर्गत ट्वेंटी-२० स्पर्धा त्यांच्या नावानं आहे.

बिघडलं ते संस्थांचं. गल्ल्यातला वाटा गेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काम गेलं. पोरगा हेरायचा, त्याला नेटमध्ये आणायचं, बूट-बॅट द्यायची, हे जिमखान्यानं करायचं असतं कारण त्याला संघ उभा करायचा असतो. संघच नाही तर कशासाठी? मुंबईत ही जागा दुसऱ्यांनी घेतली. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना हे मोहल्ल्याचे क्लब पुढं आले, १९४८ पासून पावसाळ्यातली कांगा लीग सुरू झाली, आणि बँका-कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. ही शिडी कोणाचा धर्म विचारत नव्हती. पण तिची पहिली पायरी दादरच्या मैदानाजवळ होती, डोंगरीजवळ नव्हती.

अमेरिकेतलं उदाहरण इथं आठवतं. तिथं काळ्या खेळाडूंच्या बेसबॉलच्या वेगळ्या लीग होत्या, कारण मोठ्या लीगमध्ये त्यांना घेतच नसत. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि भिंत पडली. काही वर्षांत काळ्यांच्या मालकीचे संघ ओस पडले, कारण चांगले खेळाडू आणि प्रेक्षक दोन्ही निघून गेले. एफा मॅनली या बाईंचा नेवार्क ईगल्स संघ १९४८ मध्ये विकला गेला. भिंत पडायलाच हवी होती, पण त्याबरोबर तिकीटविक्रीपासून व्यवस्थापनापर्यंतची कितीतरी माणसं उघड्यावर आली. आपल्याकडे फरक एवढाच की मुसलमानांना रणजीत बंदी कधीच नव्हती. म्हणून ‘आमचा संघ हिरावला’ असा सूर लावायला आपल्याला जागा नाही. शिडी कुठून चढायची, एवढंच विचारता येतं.

ती शिडी मिळाली तिथं आपली पोरं चढली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कालुस्त्याचे गुलाम परकार मुंबईकडून खेळले आणि १९८२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी खेळले. कोकणी मुसलमानांच्या घरांत हे नाव अजून अभिमानानं घेतलं जातं. वसीम जाफर अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेचा. शाळा व्ही.टी.समोर, आझाद मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. वडील बेस्टच्या बसवर ड्रायव्हर. दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्यानं नाबाद ३१४ केल्या आणि पुढं रणजीत १२,००० धावा करणारा तो पहिला ठरला. जिमखान्याचं जुनं काम इथं एका शाळेनं केलं.

नवी मुंबईत ही शिडी आणखी लांबली आहे. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये उघडलं आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथं झाला. सामनावीर होता युसूफ पठाण, वडोदऱ्याच्या मशिदीतल्या मुअज्जिनचा मुलगा. आयपीएलनं स्पर्धेची घडी पुन्हा बदलली. आता संघ शहराच्या नावाचा, मालक कंपनी, खेळाडू लिलावातला. त्या संघाला मुंब्रा-कौसा, तळोजा, पनवेल इथल्या पोरानं शनिवारी कुठल्या नेटमध्ये उभं राहायचं याच्याशी कर्तव्य नाही. फी भरायची ऐपत असेल तर अकादमी आहे. नसेल तर पहाटेची हार्बर लोकल, सीएसएमटी, खांद्यावर किटबॅग आणि आझाद मैदान.

त्या मैदानापासून थोड्याच अंतरावर मरीन ड्राइव्हचे ते जिमखाने आहेत. लग्नसराईत हिरवळीवर मांडव पडतात. पण नाव जमातीचं असलं तरी खेळाडू जमातीतलाच हवा, ही अट आता उरलेली नाही. सूर्यकुमार यादव क्लब क्रिकेट खेळतो ते पारशी जिमखान्याकडून.