कपातीच्या काळातील कमिशन

युद्ध संपले की फौज घटवायची आणि पुढचे युद्ध उभे ठाकले की ती घाईने वाढवायची, ही अमेरिकेची जुनी रीत होय. खड्या फौजेविषयीचा संशय तेथील राजकारणात प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासूनच मुरलेला असल्याने, शांततेच्या काळात मोठा अधिकारीवर्ग पगारावर पोसणे तेथील संसदेला, म्हणजे काँग्रेसला, क्वचितच मानवले. परंतु शिपाई काही महिन्यांत तयार होत असला, तरी अधिकारी घडण्यास वर्षे लागतात. ही अडचण सोडवण्यासाठी राज्यकर्त्यांची नजर महाविद्यालयांकडे वळली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना महाविद्यालयांसाठी सरकारी जमिनी दिल्या आणि तेथे शेती व यंत्रविद्या यांच्या जोडीने लष्करी शिक्षणाचीही सोय असावी, अशी अट घातली. पुढे १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने या विखुरलेल्या शिक्षणाला ‘राखीव अधिकारी प्रशिक्षण दल’, म्हणजेच आरओटीसी, हे एकसूत्री रूप दिले. भारतातील एनसीसीशी या दलाचे बाह्य साम्य असले तरी दोहोंत मूलभूत फरक आहे: एनसीसीच्या प्रमाणपत्राने अधिकारी-निवडीच्या वाटेवर काही सवलत मिळते, तर आरओटीसीचा अभ्यासक्रम पुरा करणारा विद्यार्थी पदवीबरोबरच कमिशन, म्हणजे अधिकारपदाची सनद, घेऊन बाहेर पडतो.

या व्यवस्थेची पहिली कसोटी पहिल्या महायुद्धानंतरच्या कपातीत लागली. १९१८ मध्ये ३५ लाखांच्या वर गेलेले भूसैन्य काही वर्षांतच सुमारे सव्वा लाख शिपायांवर आले; १९२० च्या कायद्याने २ लाख ८० हजार शिपायांची मर्यादा मंजूर केली होती, पण तेवढा पैसा काँग्रेसने कधीच दिला नाही. अशा फौजेत नव्या पदवीधरांना जागा जवळजवळ नव्हतीच, म्हणून त्यांना राखीव दलातील कमिशन देण्यात येई. याचा अर्थ असा की हुद्दा मिळे, परंतु रोजची नोकरी आणि वेतन मिळत नसे. १९३५ च्या थॉमसन कायद्याने दरवर्षी अशा १,००० तरुणांना वर्षभर प्रत्यक्ष सेवेत घेण्याची आणि त्यांतील निवडक ५० जणांना नियमित कमिशन देण्याची तरतूद केली, तेव्हा मंदीच्या त्या दिवसांत ही संधीही मोलाची ठरली. दुसरीकडे, अनेक महाविद्यालयांत पहिली दोन वर्षे कवायत सक्तीची असल्याने तिला विरोधही झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी धर्मश्रद्धेच्या आधारे सूट मागितली असता, १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. मात्र, ज्यांना शांततेत जागा मिळाली नव्हती, त्याच राखीव अधिकाऱ्यांच्या बळावर १९४० नंतरची प्रचंड सैन्यवाढ शक्य झाली.

कोरियन युद्धाच्या समाप्तीनंतर हे चक्र पुन्हा फिरले. अण्वस्त्रांवर भिस्त ठेवून पारंपरिक सैन्याचा खर्च कमी करण्याच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या धोरणामुळे, १९५३ मध्ये सुमारे १५ लाख असलेले भूसैन्य १९५८ पर्यंत ९ लाखांवर आले. नेमक्या याच वर्षांत न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये भूगर्भशास्त्र शिकणारे कॉलिन पॉवेल आरओटीसीत दाखल झाले आणि १९५८ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून बाहेर पडले. फौज आटत असतानाही, प्रशिक्षणातील गुणवत्तेमुळे त्यांना राखीव दलाऐवजी नियमित कमिशन मिळाले. हा भेद महत्त्वाचा होता, कारण कपात आली की राखीव कमिशनवर सेवेत असलेल्यांना घरी पाठवणे कायद्याने सर्वांत सोपे असे. व्हिएतनाम युद्धानंतर याचा कठोर प्रत्यय आला: १९६८ मध्ये १५ लाखांच्या वर असलेले सैन्य १९७४ पर्यंत ८ लाखांच्या खाली गेले, युद्धात नेतृत्व केलेल्या अनेक राखीव अधिकाऱ्यांना सेवामुक्त व्हावे लागले आणि त्यांतील काहींनी सार्जंटचा कनिष्ठ हुद्दा पत्करून नोकरी टिकवली. सक्तीची कवायत बहुतेक ठिकाणी बंद होणे, युद्धाविरोधातील विद्यार्थी आंदोलने आणि १९७३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा झालेला शेवट, या सर्वांचा परिणाम होऊन भूसैन्याच्या आरओटीसीतील पटसंख्या १९६० च्या दशकातील उच्चांकाच्या एक चतुर्थांशाहूनही खाली घसरली. हार्वर्ड, येल, कोलंबिया यांसारख्या विद्यापीठांतून हे दल बाहेर पडले, तर त्याच सुमारास मुलींसाठी त्याचे दरवाजे उघडले.

शीतयुद्धानंतरच्या कपातीचा आराखडा याच पॉवेल यांनी, संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष या नात्याने, आखला. २१ लाखांचे एकूण सैन्यबळ सुमारे १६ लाखांवर आणण्याची ही योजना राष्ट्राध्यक्ष बुश यांनी २ ऑगस्ट १९९० रोजी, म्हणजे इराकने कुवेतवर आक्रमण केले त्याच दिवशी, जाहीर केली. आखाती युद्ध आटोपताच कपात वेगाने सुरू झाली. मुदतीआधी बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मोबदला देण्यात आला, अनेक महाविद्यालयांतील आरओटीसीची केंद्रे बंद झाली आणि नव्या पदवीधरांपैकी अनेकांना प्राथमिक प्रशिक्षणानंतर पूर्णवेळ सेवेऐवजी राखीव दलात धाडण्यात आले.

अशा कपातींतील जोखमीची वाटणी मुख्यतः काळाच्या अंतरामुळे विषम ठरते. शिष्यवृत्ती नसलेला विद्यार्थी सामान्यतः तिसऱ्या वर्षाच्या आरंभी करारावर सही करतो आणि प्रत्यक्ष व राखीव मिळून आठ वर्षांच्या सेवेला बांधला जातो, परंतु त्याला पूर्णवेळ जागा मिळेल की नाही, हे पदवीच्या सुमारास असलेल्या गरजेवर ठरते. हेच अंतर पुढे सैन्यालाही भोवते. अधिकारी वरच्या हुद्द्यावर सहसा बाहेरून आणता येत नसल्याने, १९९० च्या दशकात कमी भरलेल्या तुकड्यांची उणीव दहा-पंधरा वर्षांनी कॅप्टन आणि मेजर या हुद्द्यांवर जाणवली, आणि इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या ओढाताणीत २००७ मध्ये कॅप्टनांना सेवेत थांबवण्यासाठी ३५,००० डॉलरपर्यंतचे रोख प्रलोभन द्यावे लागले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, २०१४ मध्ये, पुढच्या कपातीसाठी निवड मंडळे बसली आणि त्याच हुद्द्यांवरील शेकडो अधिकाऱ्यांना सक्तीने सेवेतून बाहेर काढण्यात आले. त्यामुळे कपातीच्या वर्षी सही करणे हे तोट्याचे, आणि भरतीच्या वर्षी फायद्याचे, असा सरळ हिशेब या इतिहासातून मांडता येत नाही. प्रत्येक आवर्तनात सैन्याने भविष्यातील गरजेचा अंदाज आजच्या अंदाजपत्रकावरून बांधला आणि तो चुकल्याची किंमत मुख्यतः तरुण अधिकाऱ्यांनी चुकवली.